न विकलेली वाट

रामनाथकाका डांबरी रस्त्यावरूनही बांधावरून चालावे तसे चालतात. एका पावलाच्या थेट पुढे दुसरे पाऊल, दोन्ही हात पाठीमागे गुंफलेले, नजर पायांच्या जरा पुढे. बोईसर-तारापूर रस्त्यावर त्यांच्या अंगाला वारा लागेल इतक्या जवळून रसायनांचे टँकर जातात. कंपनीची पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा येतो. काका मात्र कडेची पांढरी पट्टी धरून, ती न सोडता चालत राहतात. ज्याला ठाऊक नाही त्याला हा म्हातारा घाबरट वाटेल. ते घाबरत नाहीत. ज्या माणसाने सारे आयुष्य वीतभर रुंदीच्या मातीवरून डोक्यावर भारे घेऊन ये-जा केली, त्याला एवढ्या रुंदीचे काय करायचे ते कळत नाही, इतकेच.

रामनाथ संखे हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. सालवडच्या मागच्या अंगाला आमची आळी आहे. मी शिक्षणासाठी बाहेर पडलो आणि पुढे ठाण्यातच राहिलो. आता वर्षातून दोन-तीनदा गावी जातो. दर खेपेला गाव थोडे अधिक वाढलेले असते, आणि दर खेपेला त्यात फिरायला थोडी कमी जागा असते. हे विधान विचित्र वाटेल, पण ते खरे आहे. माझ्या लहानपणी आळीतून बाहेर पडायला वाटाच वाटा होत्या. विहिरीची, गावदेवीची, शाळेची, मिठागरांकडे जाणारी. आणि त्यांना मध्येच छेदणाऱ्या, नाव नसलेल्या कितीतरी. कोणत्याही वाटेला लागले तरी माणूस कुठेतरी पोचत असे, आणि वाटेत कुणीतरी भेटतच असे. आता रुंद, दिव्यांचे रस्ते आहेत. प्रत्येक रस्ता एका फाटकात शिरतो आणि आतल्या भिंतीपाशी संपतो. शेजारच्या वस्तीत जायचे तरी आधी हमरस्त्यावर यावे लागते, आणि तिथून पुन्हा आत शिरावे लागते.

त्या जुन्या वाटांचा एक नियम होता. बांध ज्याचा त्याचा, वाट सगळ्यांची. गावातल्या गावात शेत विकले गेले की चार माणसांसमोर सुपारी फुटे. त्या वेळी विकणारा म्हणे, “वाट सोडून हां.” घेणारा तेच शब्द परत म्हणे, आणि मगच गूळ वाटला जाई. कागदावर ते कधी कुणी उतरवले नाही. पाऊस पडतो हे जसे कुणी लिहून ठेवत नाही, तसे.

काकांच्या घराच्या परसातून एक वाट त्यांच्याच शेताच्या बांधावरून निघे आणि पलीकडच्या चिंचपाड्यात जाई. चिंचपाड्यात काकांची थोरली बहीण पारू दिलेली. आम्ही तिला पारूआत्या म्हणतो, काका तिला ‘बाय’ म्हणतात. घर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आळीतल्या बायका तिची थट्टा करत, “पारूला सासर नायच मुळी. इकडची भाकरी तव्यावर टाकते नि तिकडं जाऊन उलटते.”

थट्टेत अर्धे सत्य होते. काका लहान असतानाच त्यांची आई गेली. पारूआत्याचे लग्न नुकतेच झाले होते. सासूची परवानगी घेऊन ती रोज दुपारी बांधावरून येई, बाप-लेकांची भाकरी करी, भावाला न्हाऊ घाली आणि उन्हे कलायच्या आत परत जाई. नव्या नवरीने रोज माहेरी जावे हे त्या काळी कुणाला पटणारे नव्हते. पण सासू म्हणाली, “वाट जवळ हाय, जाऊ दे तिला. पोरगं उपाशी राह्यला नको.” काका मोठे झाले, त्यांचे लग्न झाले, घरात बाई आली, तरी आत्याचे येणे थांबले नाही. स्वयंपाकाची गरज संपली तेव्हा ती पदरात वालाच्या शेंगा घेऊन येऊ लागली. ओटीवर बसून शेंगा सोलायच्या आणि भावाला बोलत राहायचे, हा तिचा दुपारचा उद्योग.

“रामा, तुज्या बांधाला भोक पडलाय. तुज्यापेक्षा खेकडे बरे, तेवढी तरी माती उकरतात.”

“तू येतेस-जातेस म्हनून पडलाय, बाय. वजन बघ जरा आपलं.”

“माज्या वजनानंच बांध दाबून घट झालाय. नायतर कवाच वाहून गेला असता, तुज्यासकट.”

काकू गेल्या, आत्याचा नवरा गेला, पण हे बोलणे कित्येक वर्षे जवळजवळ याच शब्दांत चालू राहिले.

नंतर आत्याच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसेना. तरी ती यायची. हातात काठी घेत नसे. कुठे बांध उजवीकडे वळतो, कुठे पाटावरचा दगड पायाला गार लागतो, कुठे जांभळाखाली मुळे वर आली आहेत, हे तिच्या तळव्यांना पाठ होते. कुणी काळजीने म्हटले की ती सांगे, “डोळे गेले, पाय हायेत की.” घरात ती भांड्याला अडखळे, पण त्या बांधावर कधी अडखळली नाही.

डोळ्यांवर काही उपाय होतो का ते पाहावे म्हणून तिची मुलगी तिला वैतरण्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे एक शस्त्रक्रिया झाली, तिचा उपयोग झाला नाही, आणि आत्या जवळजवळ वर्षभर तिथेच राहिली. काकांनी शेत विकले ते याच वर्षात.

त्यांनी ते हौसेने विकले नाही. आजूबाजूची सगळी खाचरे आधीच विकली गेली होती. त्यांत भराव पडला, काहींवर इमारतीही उभ्या राहिल्या, आणि चारही बाजूंची जमीन उंच झाली. पावसाचे पाणी तेवढे काकांच्या शेतात साचून राहू लागले. दोन पावसाळे भात उभ्याने कुजले. मुलगा भावेश कंपनीत पाळ्यांवर जातो. आवणीला, भाताची रोपे लावायला, माणूस मिळत नाही. सगळा परिसर विकला गेला तरी चिंचपाड्याची वाट तेवढी शिल्लक होती, कारण ती काकांच्या बांधावरून जात होती.

व्यवहाराच्या दिवशी काका दलालाला म्हणाले, “वाट सोडून हां.”

दलाल मराठीच होता, गोड बोलणारा. तो हसून म्हणाला, “काका, वाट कुठं पळून जातेय? उलट पक्का रस्ता होईल तिथं. काँक्रीटचा.”

काकांनी घरी येऊन गूळ वाटला. त्यांच्या दृष्टीने शब्द गेला होता आणि शब्द आला होता. आनंदाच्या भरात त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली. आत्याला वैतरण्याला काहीच कळवायचे नाही. ती परत येईल तेव्हा तिच्या पायांना चिखलाऐवजी गुळगुळीत रस्ता लागेल, ती चकित होईल, आणि मग आपण सांगू. चिंचपाड्यातल्या तिच्या मुलालाही त्यांनी बजावले, “बायला कोन काय बोलू नका. मीच सांगनार.”

रस्ता झाला. दलाल खोटे बोलला नव्हता. काँक्रीटचा, दोन्ही बाजूंना झाडे लावलेला रस्ता झाला. मात्र त्याच्या आधी भिंत झाली. माणसाच्या डोक्यावर जाईल अशी, वर तारेची वेटोळी असलेली भिंत, कॉम्प्लेक्सच्या सगळ्या बाजूंनी. त्या कॉम्प्लेक्सचे नाव इंग्रजीत आहे आणि त्याचा अर्थ ‘कुरण’ असा होतो. फाटक एकच, हमरस्त्याच्या बाजूला. आतला रस्ता चिंचपाड्याच्या दिशेने सरळ जातो आणि भिंतीला टेकून थांबतो. ग्रामपंचायतीने चिंचपाड्यात केलेला नवा रस्ताही पलीकडून त्याच भिंतीला येऊन थांबला आहे. बांधकाम चालू असताना काकांनी मुकादमाला विचारले होते, “याच्यात दार कुठं ठेवलाय?” मुकादम म्हणाला, “कसलं दार?”

आता चिंचपाड्याला जायचे तर आळीतून हमरस्त्यावर यायचे, टँकरांच्या कडेने नाक्यापर्यंत जायचे, तिथे वळायचे आणि पुढच्या फाट्याने मागे फिरायचे. रिक्षावाले दोनदा विचार करतात.

मार्गशीर्षात आत्या परत आली. काका लगेच रिक्षाने तिच्याकडे गेले. सांगायचे म्हणूनच गेले होते. पण तिने विचारले, “बांध कसा हाय रे?” आणि त्यांच्या तोंडून निघाले, “हाय की.” दुसऱ्या खेपेला म्हणाले, “तू आताच आलीस, जरा दम खा. मीच येतो.” असे काही दिवस गेले.

मग एका दुपारी आत्या कुणाला न सांगता निघाली. तिची सून सपना कपडे धुवायला गेली होती. चिंचपाड्याच्या बाजूचा बांध थोडा उरला होता, तेवढा तिच्या पायांनी ओळखला. मग पायांखाली खडी आली. मग हाताला भिंत लागली. ती भिंत चाचपत बराच वेळ उभी राहिली असावी. तिथे बांधकामाच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या अजून होत्या. एक बाई बाहेर आली आणि म्हणाली, “अम्मा, किधर जाना है? इधर रास्ता नहीं है।”

“रामाकडे जायचाय, रामाकडे.”

“कौन राम? यहाँ तो साइट है, अम्मा।”

पारूआत्या तिथेच खाली बसली. भिंतीमुळे तिला शंका आली असेल, पण खात्री पटली ती त्या बोलण्यामुळे. ज्या वाटेवर तिने जन्मभर आपलीच बोली ऐकली, त्या वाटेवर कुणी हिंदीत बोलते याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता. आपण भलत्याच ठिकाणी आलो आहोत. सपनावहिनी शोधत आली तेव्हा आत्या त्या मजूर बाईने दिलेल्या पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी काका गेले. आत्या खाटेवर होती.

“रामा,” ती म्हणाली, “आता पायपन गेले रे माजे. तुज्याकडे यायला निघाले नि कुठल्या परमुलखात जाऊन पोचले. तिथं हिंदी बोलत होते. येवढी जुनी वाट, तीपन इसरले मी.”

त्या क्षणी काकांना सांगता आले असते. ते म्हणाले, “होता असा, बाय. वय झाला आता.”

या एका वाक्याने पुढचे सगळे घडले. आत्याने बाहेर पडणे सोडले. आधी अंगण सुटले, मग ओटी. ज्या पायांवर तिचा शेवटचा विश्वास होता ते फसवे निघाले म्हटल्यावर ती घरातल्या घरातही भिंत धरून चालू लागली आणि मोरीकडे जायलाही सुनेचा हात मागू लागली. ती वस्तूंची नावे मोठ्याने उच्चारून पाही. डोके ठिकाणावर आहे की नाही याची ती परीक्षा घेत असावी. सपनावहिनीने काकांना अंगणात गाठले. “मामा, ती सोताला येडी समजायला लागलेय. तुमी सांगा, नायतर मी सांगते.”

“जरा थांब,” काका म्हणाले. “भिंतीला दार करून घेतो. मंग दोन्ही सांगतो एकदम. दाराशिवाय कोनत्या तोंडानं सांगू?”

दारासाठी ते कॉम्प्लेक्सच्या सेक्रेटरींकडे गेले तेव्हा मी गावी होतो. त्यांनी मला सोबत नेले. सेक्रेटरी विनोद महाजन मूळचे जळगावकडचे, इथल्याच एका कारखान्यात नोकरीला. त्यांनी आम्हांला घरात बसवले, पाणी दिले, सगळे ऐकून घेतले. मग गॅलरीत नेले. चौथ्या मजल्यावरून एका बाजूला काकांच्या परसातली केळ दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला आत्याच्या घराचे कौलारू छप्पर. दोन्ही इतकी जवळ होती की मला खाली पाहवेना.

“काका, तुमचं म्हणणं मला पटतं,” महाजन म्हणाले. “खरं सांगू का, मलाही दार झालं तर हवंच आहे. पलीकडे दोन मिनिटांवर माझी कंपनीची बस येते, आणि मी रोज गाडी काढून वळसा घालतो. पण मागे दोन गाड्यांतलं पेट्रोल चोरीला गेलं. लोक म्हणतात, लहान मुलं खाली खेळतात. दार केलं की तिथे माणूस बसवावा लागतो.”

“बायपुरतं करा. मी कुलूप घालीन, मीच उघडीन.”

“तसं राहत नाही, काका. आज तुमच्या बहिणीसाठी केलं की उद्या ते सगळ्यांचं होतं.”

“सगळ्यांचाच होता ना,” काका म्हणाले.

महाजनांनी विषय सभेत मांडण्याचे कबूल केले आणि तो खरोखरच मांडला. सभेने नकार दिला. तो निरोप द्यायला ते स्वतः काकांच्या घरी आले, हेही सांगितले पाहिजे. त्यांनाही अर्थात हमरस्त्यावरून वळसा घालूनच यावे लागले.

पुढचे मला सपनावहिनीने सांगितले. नकार कळला त्या दिवशी काका चालत आले, रिक्षा केली नाही. आत्याच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले आणि एका दमात सगळे बोलले. शेत विकले. भिंत झाली. वाट गेली. आत्या ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारले, “मंग त्या दिवशी मी कुठं पोचले होते?”

“भिंतीपाशी. आपल्या जांभळाच्या जरा अलीकडे. झाड तोडला त्यांनी.”

“म्हंजे बरोबर पोचले होते.”

“बरोबर, बाय.”

“पाय चुकले नव्हते.”

“नाय.”

आत्या उठली. सुनेने हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. ओटीच्या पायऱ्या उतरली, घराला पूर्ण वळसा घातला, गोठ्याच्या खांबाला न अडखळता वळली आणि परत येऊन आपल्या जागी बसली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, असे सपनावहिनी म्हणाली. आणि तो पाहून काका रडू लागले. आत्याने त्यांना रडू दिले. मग ती शांतपणे म्हणाली:

“जमीन तुजी होती. विकलीस तर विकलीस. वाट गेली; सगळ्यांच्याच गेल्या, तुजी एकट्याची काय राहनार होती? पन मला येडी ठरवलीस ती कशाला, रामा?”

“लाज वाटली” असे काका पुटपुटले, पण ते उत्तर नव्हे हे त्यांनाही कळत होते. त्यांचे तोंड धुणाऱ्या, त्यांना भाकरी भरवणाऱ्या बाईला त्यांनी तिच्याच पायांवर संशय घ्यायला लावले होते, आणि तेही स्वतःची चूक झाकण्यासाठी. शेत विकताना त्यांच्याकडून झाली ती चूक होती. गावाबाहेरच्या माणसालाही गावचा शब्द लागू होतो असे ते समजले. ती चूक त्यांच्या पिढीतल्या कुणाचीही झाली असती, झालीही आहे. खाटेशेजारी बोललेले ते वाक्य मात्र एकट्या त्यांचे होते.

मागच्या होळीला मी चिंचपाड्यात गेलो होतो. पारूआत्या आता पुन्हा फिरते. गावदेवीपर्यंत एकटी जाते, हातपंपावर जाऊन बायकांशी भांडून येते. मी म्हटले, “आत्या, रिक्षा आणतो. काकांकडे जाऊन येऊ.”

“नको रे. रिक्षात बसून माहेरी जायला मी काय पाव्हनी हाय?” एवढे बोलून तिने माझ्या मुलांची चौकशी सुरू केली. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

काका तिच्याकडे दर आठवड्याला जातात. पूर्वी ते गेले की सरळ आत शिरत, चुलीपाशी बसत, मडक्यातले पाणी हाताने घेत. आता आत्या त्यांची चाहूल लागताच सुनेला हाक मारते आणि ओटीवर खुर्ची मांडायला सांगते. चहा कपबशीतून येतो. भावेशची नोकरी, गुडघे, औषधे, असे सगळे ती नीट विचारते. आवाजात राग नसतो. पूर्वीसारखे टोचून एकही वाक्य ती बोलत नाही. काका एक-दोनदा स्वतःहून थट्टेचा विषय काढून पाहतात. ती “हं” म्हणते.

उन्हे कलली की तिची फिरायला जायची वेळ होते. “बस तू,” असे म्हणून ती पायऱ्या उतरते. सोबत चल, असे ती म्हणत नाही, आणि काका आपणहून उठत नाहीत. चिंचेच्या वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत ते खुर्चीत बसून राहतात. मग सपनावहिनी कपबशी उचलते, काका निघतात आणि ती खुर्ची आत नेऊन ठेवते.